शत्रूकडे रडार आहे का?

मे १९३९. युद्ध सुरू व्हायला अजून तीनेक महिने आहेत. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याच्या बाजूबाजूने, समुद्रावरून, एक जर्मन एअरशिप चाललंय. नाव ‘ग्राफ झेपेलिन’, लांबी २४५ मीटर. फुटबॉलची दोन मैदानं एकापुढे एक ठेवली तरी हे थोडं बाहेर येईल. आत प्रवासी नाहीत, रेडिओ रिसीव्हर आणि ते ऐकणारे तज्ज्ञ आहेत. जर्मन हवाई दलाच्या संदेशवहन विभागाचे प्रमुख जनरल वोल्फगांग मार्टिनी यांना एका साध्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं. ब्रिटिशांनी किनाऱ्यावर शंभर-शंभर मीटर उंचीचे जे लोखंडी मनोरे उभे केलेत, ते नक्की कशासाठी?

एअरशिप परत गेलं. ऑगस्टमध्ये पुन्हा आलं. दोन्ही वेळा आतल्या लोकांना रडार म्हणता येईल असं काही ऐकू आलं नाही. आणि गंमत बघा, मेमधल्या त्या फेरीत हे अवाढव्य धूड ब्रिटिशांना त्यांच्या रडारच्या पडद्यावर दिसत होतं!

रडारवरच्या आमच्या एपिसोडनंतर एकाने विचारलं होतं, ‘रडारमध्ये इंटेलिजन्सचा रोल काय?’ त्याच्या डोक्यात बहुतेक एआय असावं. इंग्रजीत हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो. मराठीत आपण बुद्धी वेगळी ठेवतो आणि गुप्तवार्ता वेगळी. पण रडारच्या जन्मकाळात या दोन गोष्टी खरंच एकमेकींत इतक्या अडकल्या होत्या की त्या सोडवता येत नाहीत. एपिसोडमध्ये त्यासाठी वेळ नव्हता, म्हणून हा लेख.

आधी दोन मिनिटं तंत्राकडे बघू. माथेरानच्या एको पॉइंटवर तुम्ही हाक मारता, काही क्षणांनी ती परत येते. किती वेळाने आली यावरून समोरचा कडा किती लांब आहे ते सांगता येतं. रडार हेच रेडिओलहरींनी करतं. पण हाक मारली की ती फक्त कड्यालाच ऐकू जात नाही, दरीत जो कोणी असेल त्याला ऐकू जाते. शिवाय जाणारी हाक नेहमी परत येणाऱ्या प्रतिध्वनीपेक्षा जोरदार असते. म्हणजे तुमचं रडार शत्रूचं विमान शोधण्याआधीच शत्रूला तुमचं रडार ऐकू येऊ शकतं, अट एवढीच की त्याला कुठे कान लावायचा ते माहीत हवं.

मार्टिनींच्या माणसांची अडचण इथेच झाली. जर्मन रडार तेव्हाही चांगल्यापैकी आखूड तरंगलांबीवर चालत होती. त्यांचं ‘फ्रेया’ सुमारे अडीच मीटरवर, जहाजांवरचं रडार ८० सेंटिमीटरच्या आसपास. तरंगलांबी आखूड असली की अँटेना लहान होतो आणि दिशा नेमकी कळते, त्यामुळे शहाणा इंजिनिअर तिकडेच जाणार, हा त्यांचा हिशेब. ब्रिटिशांची ‘चेन होम’ ही किनारी साखळी मात्र १० ते १३ मीटरवर चालत होती. जर्मन नजरेने पाहिलं तर हे तंत्र जुनाट आणि ओबडधोबड. त्या पट्ट्यात जी खरखर होती ती रडारची असेल, असं त्यांना वाटलंच नाही. नेहमी दिलं जाणारं स्पष्टीकरण हे आहे आणि मला ते पटतं. शत्रू रडार करत असेल तर ते आपल्यासारखंच करत असेल, असं गृहीत धरून ते शोधायला निघाले होते.

चेन होम ओबडधोबड होतं हे खोटं नाही. रॉबर्ट वॉटसन-वॉट आणि त्यांचे सहकारी अर्नोल्ड विल्किन्स यांनी २६ फेब्रुवारी १९३५ ला डॅव्हेन्ट्रीच्या बीबीसी ट्रान्समीटरच्या मदतीने एका बॉम्बर विमानाचा प्रतिध्वनी पकडून दाखवला, आणि त्यानंतर हातात जे मिळेल ते वापरून चार वर्षांत किनारा झाकायचा होता. उत्तम यंत्राची वाट बघत बसायला वेळच नव्हता. हे रडार विमान किती लांब आहे ते बरं सांगायचं, पण कुठल्या दिशेला आहे ते वाईट सांगायचं. एका स्टेशनचं वाचन एकटं घेतलं तर त्यावर लढाऊ विमानं पाठवणं धोक्याचं होतं.

मग हे चाललं कसं? लंडनच्या वायव्येला स्टॅनमोरजवळ ‘बेंटली प्रायरी’ नावाचा जुना वाडा आहे. (लंडनमध्ये असाल तर ज्युबिली लाइन धरून शेवटच्या स्टेशनला उतरा. आता तिथे संग्रहालय आहे.) एअर चीफ मार्शल ह्यू डाउडिंग यांचं फायटर कमांड तिथे होतं, आणि त्यात एक खोली होती, ‘फिल्टर रूम’. किनाऱ्यावरच्या वेगवेगळ्या स्टेशनांतून फोनवर आकडे यायचे. मोठ्या टेबलावरच्या नकाशावर त्या आकड्यांच्या खुणा पडायच्या. एका स्टेशनने सांगितलेलं अंतर आणि शेजारच्या स्टेशनने सांगितलेलं अंतर, दोन्हींचे कंस जिथे एकमेकांना छेदतात तिथे विमान. कोणता आकडा विश्वासाचा, कोणतं स्टेशन नेहमी थोडं चुकीचं सांगतं, हे दोन ठिपके म्हणजे दोन तुकड्या की एकच तुकडी दोनदा मोजली गेलीय, हे काही सेकंदांत ठरवायचं. या कामात महिला सहायक हवाई दलातल्या विशीतल्या मुली होत्या. प्रश्नातली ‘बुद्धी’ शोधायची असेल तर ती इथे होती, मनोऱ्यात नव्हे.

ती खोली चुकली तर काय होतं, हे युद्धाच्या चौथ्याच दिवशी कळलं. ६ सप्टेंबर १९३९ ला शत्रूची विमानं येताहेत असा समज होऊन एसेक्सवर ब्रिटिश विमानं पाठवली गेली. मग ती उठलेली विमानंही शत्रूची म्हणून मोजली गेली, त्यांच्यावर आणखी विमानं पाठवली गेली, आणि शेवटी स्पिटफायरनी आपलीच दोन हरिकेन पाडली. एक तरुण वैमानिक गेला. आकाशात एकही जर्मन विमान नव्हतं.

१९४० च्या उन्हाळ्यापर्यंत ही व्यवस्था बरीच घासून-पुसून झाली होती. जर्मनांना तोवर कळून चुकलं होतं की मनोरे म्हणजे रडारच. १२ ऑगस्टला त्यांनी डोव्हर, राय, पेव्हेन्सी आणि आइल ऑफ वाइटवरचं व्हेंटनर या स्टेशनांवर बॉम्ब टाकले. व्हेंटनर बरेच दिवस बंद पडलं, बाकीची काही तासांत सुरू झाली. जाळीचे मनोरे स्फोटाच्या धक्क्याने पडत नाहीत, हवा आरपार निघून जाते. तीन दिवसांनी गोरिंगने सांगून टाकलं की या हल्ल्यांचा काही उपयोग दिसत नाही.

माझ्या मते त्या उन्हाळ्यातला जर्मनांचा सगळ्यात महाग निर्णय हा होता, आणि त्यामागे गुप्तवार्तेचीच गफलत होती. यंत्र त्यांना दिसलं होतं, फिल्टर रूम दिसली नव्हती. ब्रिटिश विमानं जमिनीवरून रेडिओने हाकली जातात हे त्यांच्या हेरखात्याला माहीत होतं. पण त्यातून त्यांनी निष्कर्ष काढला की ती आपापल्या स्टेशनाला जखडलेली असणार, एकत्र जमू शकणार नाहीत. म्हणजे जी ब्रिटिशांची ताकद होती, तीच त्यांच्या कागदावर दुबळेपणा म्हणून नोंदली गेली.

इथपर्यंत वाचून ‘जर्मन गाफील आणि इंग्रज हुशार’ असं वाटत असेल तर थांबा. आता इंग्रजांकडे वळू.

युद्धाच्या पहिल्या वर्षात लंडनमधल्या कितीतरी जबाबदार माणसांची खात्री होती की जर्मनांकडे रडार नाही. कारण काय? तर रडार आपण शोधलं. हे मत खोडायला पुरावे कमी होते का? अजिबात नाही, ते एकामागून एक येत होते.

नोव्हेंबर १९३९ च्या सुरुवातीला ऑस्लोमधल्या ब्रिटिश वकिलातीत काही टाइप केलेली पानं पोचली, पाठवणाऱ्याचं नाव नाही. त्यात जर्मन शस्त्रसंशोधनाची यादीच होती. सप्टेंबरमधल्या विल्हेल्म्सहाफेनवरच्या हल्ल्यात ब्रिटिश विमानं १२० किलोमीटरवरून दिसली होती, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. शिवाय ५० सेंटिमीटरच्या आसपास चालणारं, तबकडीचा अँटेना असलेलं दुसरं यंत्र तयार होतंय, हेही होतं. लंडनमध्ये बहुतेकांनी ठरवलं की हा जर्मनांचा डाव आहे. एका माणसाला इतकं सगळं माहीत कसं असेल?

ही पानं ज्याने गांभीर्याने घेतली तो २८ वर्षांचा एक भौतिकशास्त्रज्ञ होता, आर. व्ही. जोन्स. ऑक्सफर्डमधून पीएचडी केलेला, हवाई मंत्रालयाच्या गुप्तवार्ता विभागात नुकताच आलेला, हाताखाली जवळजवळ कोणी नाही. त्याने पानांतल्या तांत्रिक गोष्टी तपासल्या, त्या बरोबर निघाल्या. मग बाकीच्याही बरोबर असू शकतात, इतका सरळ त्याचा विचार. पुढची काही वर्षं मोकळा वेळ मिळाला की ती पानं काढून पुढचं काय येणार हे तो बघत असे.

ती कोणी लिहिली होती? सीमेन्स कंपनीतल्या हान्स फर्डिनांड मेयर या शास्त्रज्ञाने. कंपनीच्या कामासाठी ऑस्लोला गेला असताना हॉटेलात उसना टाइपरायटर घेऊन. १९४३ मध्ये नाझींनी त्याला वेगळ्याच कारणासाठी पकडून छळछावणीत टाकलं, पण या पानांबद्दल त्यांना कधीच कळलं नाही. तो वाचला. युद्धानंतर जोन्सला त्याची ओळख पटली, पण नाव जाहीर झालं ते मेयरच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी, १९८९ मध्ये.

१८ डिसेंबर १९३९. हेलिगोलंडच्या आखातावर भर दुपारी गेलेल्या २२ वेलिंग्टन बॉम्बरपैकी १२ गमावली. फ्रेया रडारने ती बऱ्याच लांबून टिपली होती. ब्रिटिश चौकशीत दोष गेला वैमानिकांच्या शिस्तीवर, रांग नीट धरली नाही म्हणून.

त्याच सुमारास दक्षिण अमेरिकेत मॉन्टेव्हिडिओजवळ जर्मन युद्धनौका ‘अॅडमिरल ग्राफ श्पे’ तिच्याच कप्तानाने बुडवली. तळ उथळ असल्याने वरचा भाग पाण्याबाहेर राहिला. एक ब्रिटिश रडारतज्ज्ञ तिथे जाऊन वर चढला आणि त्याने कळवलं की हा अँटेना रडारचाच आहे. तो अहवाल नौदलाच्या फायलीत राहिला, जोन्सच्या टेबलावर वेळेत आला नाही. ज्यांनी कुणी सरकारी कचेऱ्यांशी व्यवहार केलाय त्यांना यात काही नवल वाटणार नाही.

१९४० च्या जुलैमध्ये एका उकललेल्या जर्मन संदेशात ‘फ्रेया यंत्र’ असा उल्लेख आला. जोन्सने नॉर्स पुराणकथांचं पुस्तक काढलं. फ्रेया ही देवी, तिचा एक मौल्यवान हार, आणि त्या हाराशी जोडलेला देवांचा पहारेकरी हाइमडाल, ज्याला दिवसा-रात्री शंभर मैलांवरचं दिसतं. जोन्सने अंदाज बांधला की पहारेकऱ्याचं नाव सरळ दिलं तर फारच उघड झालं असतं, म्हणून देवीचं दिलं. हा पुरावा नव्हे, हे त्यालाही माहीत होतं. पण कुठे बघायचं हे त्याने सुचवलं.

पुरावा मिळाला तो सावलीतून. नॉर्मंडीच्या टोकाला ओडरव्हिल गावाजवळ हवाई फोटोत शेतात दोन लहान गोल दिसले होते. काही सेकंदांच्या अंतराने काढलेल्या दोन फोटोंत एका गोलातल्या वस्तूच्या सावलीची रुंदी किंचित वेगळी आहे, हे जोन्सचा सहकारी चार्ल्स फ्रँक याने ओळखलं. फरक होता एक दशांश मिलिमीटरचा! म्हणजे ती वस्तू फिरत होती. फेब्रुवारी १९४१ मध्ये एका वैमानिकाने अगदी खालून उडून फोटो आणला, आणि त्यात खाटेच्या चौकटीसारखा उभा अँटेना स्वच्छ दिसला. त्याच सुमारास जोन्सच्या एका माणसाने इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर रिसीव्हर नेऊन अडीच मीटरच्या पट्ट्यात फ्रेयाचे संकेत ऐकले. (त्याला पोलिसांनी हेर समजून पकडलं, ते वेगळंच.) म्हणजे युद्ध सुरू होऊन जवळपास दीड वर्ष हे रडार किनाऱ्यावरून मोठ्याने बोलत होतं, आणि ते ऐकायला रिसीव्हर घेऊन कोणी गेलंच नव्हतं.

ऑस्लोच्या पानांतलं दुसरं यंत्र, ५० सेंटिमीटरवालं, अजून सापडायचं होतं. त्याचं जर्मन नाव ‘वुर्झबुर्ग’. तोफांना आणि रात्री लढणाऱ्या विमानांना नेमकं लक्ष्य दाखवणारं हे रडार ब्रिटिश बॉम्बरना सगळ्यात जास्त भोवत होतं. १९४१ च्या शेवटी फ्रँकला ल हाव्रच्या उत्तरेला ब्रुनेव्हाल इथल्या कड्यावर, एका एकट्या बंगल्यापाशी, फोटोत धुळीच्या कणाएवढा ठिपका दिसला. टोनी हिल हा वैमानिक फोटोसाठी गेला, कॅमेऱ्याने दगा दिला, पण परत येऊन त्याने सांगितलं की विजेच्या हीटरच्या वाटीसारखं दिसतं, दहाएक फूट रुंद. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला. एकदा सावध झालेल्या तोफांवरून दुसऱ्यांदा उडणं म्हणजे काय, याचा विचार करा. ५ डिसेंबरचा तो फोटो आजही अभ्यासला जातो.

कड्याजवळ किनारा होता, किनाऱ्याला होडी लागू शकत होती. मग यंत्रच उचलून आणायचं ठरलं.

तिथले पहारेकरी किती, मशिनगन कुठे, वाळूत सुरुंग आहेत का, हे फ्रेंच प्रतिकार गटाने शोधायचं होतं. रोजे द्युमाँ आणि ल हाव्रचा गॅरेजवाला शार्ल शोव्हो हे दोघे सहलीला आल्यासारखे तिथे गेले. त्यांनी एका जर्मन पहारेकऱ्याशी गप्पा मारल्या आणि त्याच्यासोबत वाळूवरून फिरूनही आले. तेवढ्याने सुरुंग नाहीत हे कळलं.

२७ फेब्रुवारी १९४२ च्या रात्री मेजर जॉन फ्रॉस्ट यांच्या हाताखाली १२० छत्रीसैनिक बर्फावर उतरले. त्यांच्यात एक वेगळा माणूस होता, फ्लाइट सार्जंट सी. डब्ल्यू. एच. कॉक्स. युद्धाआधी सिनेमागृहात प्रोजेक्टर चालवणारा, आता हवाई दलात रडार मेकॅनिक. या कामाला होकार देईपर्यंत तो कधी विमानात बसला नव्हता, की जहाजात. खरं तर यंत्र समजायला मोठा शास्त्रज्ञ पाठवायला हवा होता. पण ज्याच्या डोक्यात ब्रिटनची सगळी रडार-गुपितं आहेत तो पकडला गेला तर? म्हणून डोनल्ड प्रीस्ट हा शास्त्रज्ञ होडीत बसून राहिला आणि कॉक्स कड्यावर गेला. कॉक्सच्या अंगावर हवाई दलाचाच गणवेश होता. पकडला गेला असता तर छत्रीसैनिकांत हा एकटा हवाई दलवाला का, हे कोणालाही कळलं असतं. जोन्सने गणवेश बदलायची विनंती केली होती, ती कचेरीत नाकारली गेली.

गोळीबार चालू असताना कॉक्स आणि सॅपर्सनी स्क्रूड्रायव्हरपासून पहारीपर्यंत जे चाललं त्याने यंत्र सोडवलं. रिसीव्हर, ट्रान्समीटरचे भाग, अँटेनाचा मधला तुकडा, सगळं ढकलगाडीवर घालून कड्यावरून खाली आणलं. एक जर्मन रडार-ऑपरेटरही सापडला. दोन सैनिक मारले गेले, सहा मागे राहिले आणि पकडले गेले.

यंत्राने काय सांगितलं? बांधणी सुरेख होती. भाग सुटे, खराब झाला की काढून नवा लावायचा. जोन्सच्या लोकांनी यातून ओळखलं की ऑपरेटर फारसे शिकलेले नसतील, आणि पकडून आणलेल्या ऑपरेटरशी बोलल्यावर ते खरं ठरलं. भागांवरच्या अनुक्रमांकांवरून अशी किती यंत्रं बनली असतील याचा अंदाज आला. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोणी मुद्दाम गोंधळ घातला तर त्यातून वाट काढायची सोय या यंत्रात नव्हती.

त्यानंतर जर्मनांनी इतर रडार-ठाण्यांभोवती काटेरी तारा लावल्या. तारांखाली गवत कापता येईना, ते वाढलं, आणि वरून फोटोत ही ठाणी आधीपेक्षा सोपी सापडू लागली. इंग्रजांचीही झोप उडाली. आपण केलं ते तेही करतील, या भीतीने त्यांनी स्वानेजजवळची आपली रडार प्रयोगशाळा मे १९४२ मध्ये किनाऱ्यापासून दूर माल्व्हर्नला हलवली. द्युमाँ मात्र पुढे पकडला गेला. मे १९४३ मध्ये जर्मनांनी त्याला गोळ्या घातल्या.

आता मला जो भाग सांगताना नेहमी अडखळायला होतं, तो.

वुर्झबुर्ग ५३ सेंटिमीटरवर चालतं हे कळल्यावर त्याला आंधळं करायचा उपाय हास्यास्पद वाटावा इतका सोपा होता. तरंगलांबीच्या निम्म्या लांबीची, म्हणजे सुमारे २७ सेंटिमीटरची, धातूच्या कागदाची पट्टी हवेत सोडायची. अशा हजारो पट्ट्यांचा ढग रडारला विमानासारखा दिसतो. जोन करन या शास्त्रज्ञ बाईंनी १९४२ मध्ये प्रयोग करून हे दाखवून दिलं. सांकेतिक नाव ‘विंडो’. पट्ट्या तयारही झाल्या. पण त्या वर्षाहून जास्त काळ वापरल्या नाहीत, कारण आपण टाकल्या तर जर्मनांना कल्पना मिळेल आणि ते लंडनवर येऊन हेच करतील.

जर्मनांना कल्पना केव्हाच सुचली होती. बर्लिनजवळच्या ड्युपेल या जागी त्यांनी अशाच पट्ट्यांची चाचणी घेतली होती, आणि शत्रूच्या कानावर जाईल या भीतीने गोरिंगने ते काम गुंडाळायला लावलं. एकच गुपित दोन्हीकडे कुलपात होतं. जी तोड शोधायला हवी होती, तिच्यावर काम करायलाही जर्मन इंजिनिअर बिचकत होते. इकडे रोज रात्री ब्रिटिश बॉम्बर पडत होती आणि प्रत्येकात सात-सात माणसं होती.

शेवटी जुलै १९४३ मध्ये चर्चिलनी परवानगी दिली. २४ जुलैच्या रात्री ७९१ विमानं हॅम्बुर्गला निघाली. दर मिनिटाला प्रत्येक विमानातून एक गठ्ठा, गठ्ठ्यात २,२०० पट्ट्या. जमिनीवरची रडार वेडी झाली. ऑपरेटरना हजारो विमानं दिसू लागली, सर्चलाइट भरकटले, तोफा अंदाजाने उडू लागल्या. ७९१ पैकी १२ विमानं परत आली नाहीत. त्याआधी हॅम्बुर्गवर जाणाऱ्यांतली शंभरातली साधारण सहा पडायची, म्हणजे एरवी चाळीस-पन्नास पडली असती. गुप्तवार्तेच्या इतिहासात याला मोठं यश म्हणतात, आणि घरी परतलेल्या त्या मुलांच्या बाजूने बघितलं तर ते होतंच.

पण २७ जुलैच्या रात्री तीच विमानं, तशाच पट्ट्या टाकत, पुन्हा हॅम्बुर्गवर गेली. हवा कोरडी आणि गरम होती. पूर्वेकडच्या कामगारवस्त्यांत लहान लहान आगी एक झाल्या आणि आगीचं वादळ उठलं. त्या आठ-दहा दिवसांत हॅम्बुर्गमध्ये सुमारे ४०,००० माणसं मेली, बहुतेक त्या एका रात्री. ब्रुनेव्हालची गोष्ट मी अनेकांना रंगवून सांगितलीय, लोक टाळ्या वाजवतात. पण कॉक्सने गाडीवर घालून आणलेल्या पेट्यांपासून हामरब्रूकच्या तळघरांपर्यंत एक रेघ जाते, आणि ती गाळून ही गोष्ट सांगणं मला आता बरोबर वाटत नाही. रडार आंधळं करणारा कागद कोणाला वाचवायचं आणि कोणाला नाही ते ठरवत नाही, ते ज्यांनी ठरवलं त्यांची नावं आपल्याला माहीत आहेत.

पट्ट्यांचा प्रभाव किती टिकला? काही महिने. जर्मनांनी रात्रीच्या फायटरवर नवं रडार चढवलं, ‘एसएन-२’, तरंगलांबी तीन मीटरच्या पुढे. २७ सेंटिमीटरच्या पट्ट्या त्याच्यापुढे कुचकामी होत्या. हे लंडनला कळलं नाही. मार्टिनींच्या लोकांसारखीच ब्रिटिशांचीही समजूत होती की फायटरवर बसवायचं रडार दिवसेंदिवस आखूड लहरींकडेच जाणार. शिवाय ही विमानं जर्मनीवरच उडत, त्यामुळे ती पाडून हाती घेता येत नव्हती. ३० मार्च १९४४ च्या रात्री न्यूरेंबर्गवर निघालेल्या ७९५ विमानांपैकी ९५ गेली. त्या रात्री चांदणं होतं, मार्ग लांब आणि सरळ होता, कारणं अनेक होती. पण त्यांत एसएन-२ होतं.

१३ जुलै १९४४ च्या पहाटे सफकमधल्या वुडब्रिजच्या धावपट्टीवर एक विमान उतरलं. इंधन संपत आलेलं, चालक नवखे, होकायंत्र उलटं वाचलेलं. आपण जर्मनीत उतरलो असं त्यांना वाटत होतं. विमान होतं युंकर्स ८८, रात्रीचं फायटर, नाकावर एसएन-२ चे लांब अँटेना तसेच्या तसे. आत आणखी एक पेटी निघाली, ‘फ्लेन्सबुर्ग’. ती स्वतः काहीच प्रक्षेपित करत नव्हती, फक्त ऐकत होती.

काय ऐकत होती? ब्रिटिश बॉम्बरच्या शेपटीला ‘मोनिका’ नावाचं छोटं रडार लावलेलं असे, मागून फायटर आलं तर सूचना द्यायला. ब्रिटिश वैमानिकांनी ते पकडलेलं युंकर्स स्वतः उडवून बघितलं. मोनिका चालू असलेल्या लँकॅस्टरमागे ते बऱ्याच अंतरावरून बिनचूक जात होतं. त्यानंतर बॉम्बर कमांडने सगळ्या विमानांवरून मोनिका उतरवल्या, आणि लांब पट्ट्यांची नवी विंडो बनायला लागली. मोनिका लावून उडणं तोवर वर्षभर चालू होतं.